पाच हजार लिंकांचं काय करशील?

मनू, त्या माणसाचं कोटेशन वाचलं. 'पाच हजार बॅकलिंक, सगळ्या हाय डीए, महिन्याभरात गुगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटी.' खाली रक्कम, आणि रकमेखाली 'सवलत फक्त आजच्या दिवस'. तू विचारलंस, 'ताई, घेऊ का? शेजारच्या गेस्टहाउसवाल्यांनी घेतल्यात.' घेऊ नकोस. पण नुसतं 'नको' म्हटलं तर तू ऐकायची नाहीस, लहानपणापासून कधी ऐकलेलं नाहीस, म्हणून का नको ते नीट सांगते. माझं पोट याच धंद्यावर चालतं, तेव्हा एवढं तरी बहिणीच्या उपयोगी पडू दे.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या कुणाच्या साइटवरून तुझ्या साइटकडे आलेला दुवा, एवढं तुला माहीत आहे. त्याला किंमत का आली ते मात्र तो एजंट सांगणार नाही. आपल्याकडे स्थळ आलं की चौकशी करतात ना? मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो ते कुणी मनावर घेत नाही. त्याला ओळखणारे काय म्हणतात ते बघतात, आणि त्यातही मध्यस्थाने उभ्या केलेल्या पन्नास माणसांपेक्षा गावच्या हेडमास्तरांचा एक शब्द जड पडतो. सर्च इंजिनापुढेही हाच पेच होता. 'मोरजीतलं सर्वोत्तम गेस्टहाउस' असं प्रत्येक जण आपल्याच साइटवर लिहितो. मग खरं कुणाचं धरायचं?

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्डमधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली आपल्या निबंधात याचं उत्तर मांडलं. शास्त्रीय लेखनात एखाद्या निबंधाचा आधार इतर किती जण घेतात यावरून त्याचं वजन ठरतं. वेबवरच्या पानांचंही तसंच मोजायचं. गंमत म्हणजे अमेरिकेत नोकरी करणारा रॉबिन ली हा चिनी तरुण १९९६ मध्येच 'रँकडेक्स' नावाने जवळपास हेच करत होता. पुढे २००० साली त्याने बायदू काढलं. म्हणजे अमेरिकेतलं गुगल आणि चीनमधलं बायदू, दोन्ही बलाढ्य इंजिनं एकाच कल्पनेवर उभी राहिली.

पण ही कल्पना म्हणजे लिंकांची नुसती मोजदाद नव्हे, आणि एजंट फसवतो तो इथेच. लॅरी पेजच्या या 'पेजरँक' पद्धतीत प्रत्येक पानाला स्वतःचं वजन असतं. ते वजन, त्या पानाने ज्यांना ज्यांना लिंक दिली त्यांच्यात वाटलं जातं. दहा जणांना दिली तर प्रत्येकाला दहावा हिस्सा, पाचशे जणांना दिली तर पाचशेवा. वर दर पायरीला थोडी गळती. मूळ हिशेबात ती साधारण पंधरा टक्के धरली होती. आता त्या पाच हजार पानांकडे बघ. ती पानं कुणी वाचत नाही, त्यांना बाहेरून कुणी लिंक दिलेली नाही, आणि एकेका पानावर शेकडो गिऱ्हाइकांच्या लिंका कोंबलेल्या. जवळजवळ शून्य असलेल्या वजनाचा पाचशेवा हिस्सा पाच हजार वेळा घेतलास तरी हातात काय येणार? आजचं गणित याहून कितीतरी गुंतागुंतीचं आहे, पण एजंटाचा माल तर या पहिल्या, साध्या गणितातही उतरत नाही.

आणि ते 'हाय डीए'. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी. हा आकडा मॉझ नावाच्या खासगी कंपनीने आपल्या अंदाजाने बनवलेला आहे. गुगल तो वापरत नाही. गुगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा पूर्वी ब्राउझरच्या टूलबारवर दिसायचा, तोही २०१६ मध्ये बंद झाला. डीए अजिबात निरुपयोगी नाही, दोन साइटींची ढोबळ तुलना करायला बरा पडतो. पण तो फुगवता येतो आणि फुगवून विकताही येतो, हे लक्षात ठेव.

तू म्हणशील, निदान नुकसान तरी नाही ना? ऐक. जेसीपेनी हे अमेरिकेतलं मोठं जुनं दुकान. २०१०च्या सणासुदीच्या खरेदीत कपडे, अंथरुणं, गालिचे, काहीही शोधलं तरी गुगलवर हेच वर. २०११च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने खोदून काढलं की काहीही संबंध नसलेल्या शेकडो साइटींवर त्यांच्या हजारो लिंका पेरलेल्या आहेत. कंपनी म्हणाली, आम्हाला माहीतच नव्हतं, आणि सर्चमध्ये साइट वर आणून देणाऱ्या आपल्या एसईओ एजन्सीला तिने काढून टाकलं. गुगलने हाताने कारवाई केली. सॅमसोनाइटच्या बॅगांच्या एका शोधात संध्याकाळी सात वाजता पहिल्या नंबरावर असलेली जेसीपेनी दोन तासांनी एकाहत्तराव्या नंबरावर होती. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसे होते, वकील होते, त्यांचं निभावलं. तुझ्या सहा खोल्या आहेत आणि सीझन नोव्हेंबर ते मार्च.

त्यानंतर २०१२च्या एप्रिलमध्ये गुगलने 'पेंग्विन' आणलं, खास अशा पेरलेल्या लिंका ओळखायला. सुरुवातीला ते सबंध साइट खाली ढकलायचं आणि वर यायला महिनोन्‌महिने लागायचे. २०१६च्या सप्टेंबरपासून ते सतत चालू असतं आणि बहुतेक वेळा कचरा लिंकांकडे सरळ काणाडोळा करतं. म्हणजे बहुधा तुला शिक्षा होणार नाही; तू दिलेले पैसे मातीत जातील, इतकंच. पण प्रकार फारच उघड असला तर माणसाने बघून केलेली कारवाई आजही होते. ती झाली आहे का हे गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन्स' या नावाखाली दिसतं. आज एकदा उघडून बघ. त्याच्याच आसपास 'लिंक्स' म्हणून अहवाल आहे, त्यात तुला आजवर कुणी कुणी लिंक दिल्या ते फुकट कळतं. त्या एजंटाला ॲडव्हान्स दिला असशील तर परत माग, आणि काम सुरू झालं असेल तर लिंका कुठे कुठे टाकल्या याची यादी लिहून घे. पुढे तो फोन उचलायचा नाही.

आता उलटा प्रश्न. लिंकांना एवढं महत्त्व उरलंय तरी का? गुगलच्या मॅट कट्सने २०१४ मध्ये सांगितलं होतं की त्यांनी लिंका पूर्ण वगळून एक आवृत्ती आतल्या आत चालवून पाहिली, आणि निकाल फारच वाईट आले. २०२३ मध्ये मात्र गुगलचाच गॅरी इल्येश म्हणाला की लिंका आता पहिल्या तीन घटकांतही नाहीत. २०२४ मध्ये गुगलने आपल्या नियमांतल्या लिंकांबद्दलच्या वाक्यातून 'महत्त्वाचा' हा शब्द काढून टाकला. उरला नुसता 'एक घटक'. कंपनीची माणसं जे बोलतात ते सगळंच मी खरं धरून चालत नाही, त्यांना लिंकांचा बाजार थंड करायचाच असतो. पण माझ्या कामात मला दिसतं ते असं: मजकूर बरोबरीचा असला की लिंका निकाल लावतात. मजकूर पोकळ असेल तर लिंका त्याला फार काळ तोलून धरत नाहीत.

हे झालं गुगलचं. पण तू आहेस गोव्यात, मोरजीत, तुझ्या दारासमोरून जाणाऱ्यांत निम्मे रशियन बोलत असतात आणि अर्ध्या मेन्यूकार्डांवर रशियन लिपी असते. त्यांच्या देशात सगळ्यांत मोठं सर्च इंजिन यांडेक्स आहे. हे ज्याच्या डोक्यातच आलं नाही तो एजंट तुझ्या धंद्याचं काय भलं करणार, सांग मला!

यांडेक्सची कथा जरा सविस्तर सांगते, कारण तिथे जे झालं ते कुठेच झालं नाही. रशियात लिंकांचा रीतसर बाजार होता. साइटवाले आपल्या पानांवरची जागा महिन्याच्या भाड्याने द्यायचे आणि भाडं थांबलं की लिंक गायब. यांडेक्स इतकं वैतागलं की त्यांनी जाहीर केलं, मॉस्को आणि परिसरातल्या व्यापारी शोधांपुरत्या आम्ही लिंका मोजणारच नाही. २०१४च्या मार्चपासून ते लागूही केलं. तरी लोकांची सवय सुटेना, ते विकत घेतच राहिले. मग २०१५च्या मे महिन्यात यांडेक्सने धोरण बदललं. विकतच्या लिंकांवर विसंबणाऱ्या साइटींना खाली ढकलणारा 'मिनुसिन्स्क' नावाचा अल्गोरिदम आणला आणि खऱ्या लिंकांना पुन्हा हिशेबात घेतलं. म्हणजे लिंकांशिवाय जमत नाही आणि विकतच्या लिंकांसोबतही जमत नाही, या दोन्ही निष्कर्षांना ते स्वतःच्या अनुभवातून आले.

२०२३च्या जानेवारीत यांडेक्सचा सोर्स कोड फुटला. त्यात एकोणीसशेहून जास्त घटकांची यादी सापडली. लिंकांचे घटक त्यात होतेच, पण आलेला माणूस पानावर थांबतो की लगेच मागे फिरतो, पुन्हा येतो का, अशा वागणुकीवरचे घटकही भरपूर होते. आमच्या क्षेत्रात याचा आधीपासून बोलबाला होता, यादीने त्याला दुजोरा दिला. लिंका विकणारे तर आधीपासूनच खोटे क्लिकही विकतात, आणि यांडेक्स त्यांनाही शिक्षा करतं. तुझ्यापुरता अर्थ असा, की रशियन पाहुणा तुझ्या पानावर आला तर त्याला खोल्यांचे फोटो, भाडं, विमानतळावरून कसं यायचं हे सगळं रशियनमध्ये तिथेच मिळायला हवं. आणि यांडेक्स वेबमास्टरमध्ये साइट नोंदवून टाक, पैसे लागत नाहीत.

बिंगला हसू नकोस. गुगलच्या मानाने छोटं आहे, पण याहू आणि डकडकगो यांचे निकाल मोठ्या प्रमाणावर बिंगकडून येतात, मायक्रोसॉफ्टचं कोपायलटही वेबवर शोधायला त्याचाच आधार घेतं. ऑफिसच्या कंप्युटरवर एज ब्राउझर उघडून सुट्टीची जागा शोधणारा जर्मन किंवा ब्रिटिश माणूस तिथेच सापडतो. बिंग लिंका मोजतं आणि विकतच्या चालत नाहीत असं आपल्या नियमांत लिहूनही ठेवतं. त्याच्या वेबमास्टर टूल्समध्ये एक सोय मला फार आवडते: तुझ्यासारख्याच दुसऱ्या साइटींना कोण लिंक देतं ते शेजारी ठेवून बघता येतं. शेजाऱ्यांनी घेतलेल्या 'हाय डीए' लिंका कसल्या आहेत तेही त्यात डोकावून बघ, करमणूक होईल. नको असलेल्या लिंका नाकारण्याची सोय बिंगने गुगलच्याही आधी, २०१२ मध्ये दिली होती आणि २०२३ मध्ये ती काढूनही टाकली, कारण कचरा आम्ही आमचे ओळखतो म्हणाले. गुगलकडे ती सोय अजून आहे, पण बहुतेकांना तिची गरज पडत नाही असं गुगल स्वतःच सांगतं. तूही हात लावू नकोस.

बायदू आणि कोरियातलं नेव्हर तुझ्या वाटेला येणार नाहीत. बायदूनेही २०१३ मध्ये लिंकांच्या खरेदी-विक्रीवर हत्यार उगारलं, आणि नेव्हर मुळात स्वतःच्याच ब्लॉग आणि कॅफेंमधला मजकूर पुढे करतं, तिथे बाहेरच्या लिंकांचा फारसा पाड लागत नाही. पुढे मागे कोरियन पाहुणे यायला लागले तर बोलू.

मग करायचं काय? तुझ्याकडे जे आहे ते एजंटाकडे नाही. तू मोरजीत राहतेस. ऑलिव्ह रिडले कासवं तुझ्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, वन खातं त्या घरट्यांना कुंपण घालतं, साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. पाहुणे तुला हेच विचारतात ना? कधी दिसतील, किती लांब उभं राहायचं, टॉर्च का लावायचा नाही. याचं एक चांगलं पान लिही, तुझ्या स्वतःच्या फोटोंसकट, दर सीझनला ताजं करत जा. दुसरं पान मोपा विमानतळावरून मोरजीला कसं यायचं याचं: टॅक्सी कुठे मिळते, रात्री किती घेतात, बस आहे का. टॅक्सीवरून गोव्यात किती डोकेदुखी होते ते तूच मला फोनवर ऐकवत असतेस, तेच लिहून काढ. अशा पानांना लोक आपणहून लिंक देतात, कारण त्यांच्या वाचकांना ती उपयोगी पडतात. 'आमच्या प्रशस्त खोल्या' या पानाला जगात कुणी लिंक देत नाही, गं.

मग ओळखीपाळखीतले. मांद्र्याच्या त्या योगशिक्षिका आपल्या विद्यार्थ्यांना तुझ्याकडे पाठवतात, त्यांच्या साइटवर 'राहायचं कुठे' असं पान आहे का? शापोरा नदीत पक्षी दाखवायला नेणारा मुलगा, लग्नाचे फोटो काढणारे, ज्या शिबिराला तू खोल्या दिल्यास ते आयोजक. सगळे एकाच भागातले, एकाच विषयातले. अशा पाचसात लिंका त्या पाच हजारांना भारी. बदल्यात तूही त्यांची नावं दे, पण खरोखर शिफारस करशील त्यांचीच. 'तू मला दे, मी तुला देते' असं घाऊक सुरू झालं की इंजिनांना तेही कळतं. लिंकेवर कोणते शब्द असावेत ते सांगायला जाऊ नकोस. खरी माणसं गेस्टहाउसचं नाव लिहितात, नाहीतर 'इथे राहिलो होतो' म्हणतात. शंभर ठिकाणी 'बेस्ट गेस्टहाउस इन मोरजी' असं तंतोतंत एकच वाक्य दिसलं की संशय आलाच. या शब्दांची ताकद किती ते एकेकाळी अमेरिकेने पाहिलं: २००३च्या सुमारास लोकांनी ठरवून 'दारुण अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून व्हाइट हाउसच्या पानाला लिंका दिल्या, आणि ते शब्द शोधले की पहिले यायचे राष्ट्राध्यक्ष बुश! २००७ मध्ये गुगलने ते थांबवलं.

बुकिंगच्या साइटींवरच्या आणि इन्स्टाग्रामच्या लिंका रँकिंगसाठी फारशा धरू नकोस. अशा ठिकाणी बहुधा 'नोफॉलो' अशी खूण असते, म्हणजे या लिंकेची हमी आम्ही घेत नाही. विकिपीडियावर तर २००७ पासून सगळ्याच बाहेरच्या लिंकांवर ती आहे, त्यामुळे तिथे जाऊन मोरजीच्या लेखात आपलं नाव घुसवू नकोस, उगाच कुणीतरी खोडेल. इन्स्टावरून माणसं येतात ती मात्र येऊ देत, शेवटी खोली माणूस घेतो. आणि 'मोरजीत राहायची जागा' असं शोधल्यावर आधी नकाशा येतो, ते तर तुला माहीतच आहे. तिथे अंतर, पाहुण्यांचे अभिप्राय आणि वेबवर तुझा उल्लेख किती होतो, हे सगळं मिळून ठरतं. अभिप्रायांना उत्तरं देत जा. तुझ्या प्रसादरावांना सांग, संध्याकाळी मोबाइल हातात असतोच.

अजून एक. सीझन लागला की तुलाच मेल यायला लागतील: 'तुमच्या साइटवर आमचा एक लेख टाका, डॉलरमध्ये पैसे देतो.' लेख पर्यटनाचा दिसेल, आत मध्येच ऑनलाइन कॅसिनोची लिंक असेल. भुलू नकोस, लिंका विकणाऱ्यांवरही कारवाई होते. वर्डप्रेस आणि त्याची प्लगइनं वेळच्या वेळी अपडेट कर, नाहीतर असल्या लिंका पैसे न देताच कुणीतरी आत शिरून टाकून जातो.

आता सगळ्यांत घाईचं काम, जे तू कोटेशनच्या नादात विसरलीस. नवीन साइटला नवं नाव घेतलंस आणि जुनं बंद करणार म्हणालीस. थांब. सासूबाईंच्या काळापासूनच्या पाहुण्यांनी आपापल्या प्रवासवर्णनांत जुन्याच पत्त्याला लिंका दिलेल्या आहेत. तीच तुझी खरी पुंजी, आणि ती फुकट चाललीय. जुन्या प्रत्येक पानावरून त्या त्या नव्या पानाकडे कायमचं वळण लावून घे, साइट बनवणाऱ्याला 'थ्री-झीरो-वन रीडायरेक्ट' म्हटलं की कळेल. सगळी पानं एकदम मुखपृष्ठाकडे वळवतो म्हणाला तर नको म्हण. गुगल निदान वर्षभर तरी हे वळण ठेवा म्हणतं, मी म्हणते कायम ठेव. जुनं डोमेन सोडून दिलंस तर ते त्याच्या जुन्या लिंकांसाठी कुणीतरी उचलेल, हा एक धंदाच आहे. २०२४ मध्ये गुगलला त्यासाठी वेगळा नियम करावा लागला. उद्या तुझ्या जुन्या पत्त्यावर जुगाराचं दुकान निघालं तर पाहुण्यांना काय सांगशील? आणि ते डोमेन नोंदवलंय त्या साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर. मुदत कधी संपते ते आजच विचार, आणि आधी ते तुझ्या नावावर करून घे.